संशोधनाचा गल्ला

देवमासा हा मासा नव्हे, हे शाळेतच शिकवतात. तरी आपल्या भाषेने त्याला माशांतच बसवले आहे. संशोधनासाठी पकडलेल्या माशांच्या विक्रीवर बंधन असावे काय, या प्रश्नाचा विचार आम्ही त्याच्यापासूनच सुरू करतो; कारण या स्वरूपाचा एक वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो त्याच्याच निमित्ताने.

देवमाशांच्या शिकारीसंबंधीच्या १९४६च्या आंतरराष्ट्रीय कराराचे आठवे कलम संशोधनार्थ शिकारीस मुभा देते. मारलेल्या जीवाचा शक्य तितका उपयोग करावा, असेही ते सांगते. हेतू निर्मळ आहे. परंतु किती मारावे आणि आलेल्या पैशाचे काय करावे, हे दोन्ही निर्णय त्याने परवाना देणाऱ्या सरकारकडेच सोपवले. व्यापारी शिकार स्थगित झाल्यावर १९८७मध्ये जपानने अंटार्क्टिक समुद्रात संशोधन-मोहीम आरंभली. मांस बाजारात जाई आणि त्या उत्पन्नातून संशोधनाचा खर्च भागवण्यास हातभार लागे. २००५पासूनच्या दुसऱ्या मोहिमेत दरवर्षी सुमारे ८५० मिंक देवमाशांचे लक्ष्य होते.

३१ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने या मोहिमेचे परवाने करारात बसत नाहीत, असा निर्णय १२ विरुद्ध ४ मतांनी दिला. सुमारे ३,६०० मिंक देवमासे मारूनही शास्त्रीय फलित मर्यादितच दिसते, असे त्याने नोंदवले. मात्र केवळ मांस विकले म्हणून संशोधन खोटे ठरत नाही, हेही त्याने स्पष्ट केले.

हा विवेक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. विक्रीवर सरसकट बंदी घालून पकडलेली मासळी समुद्रात फेकायला लावणे हा अन्नाचा अपमान होय. दोष विक्रीत नाही. नग ठरवणारा आणि गल्ल्यावर बसणारा एकच असण्यात आहे. युरोपीय संघाच्या २००९च्या मत्स्यनियंत्रण नियमांनी याचे एक उत्तर दिले: संशोधनात पकडून विकलेली मासळी कोट्याच्या २ टक्क्यांपुढे गेली, की वरचा भाग त्या देशाच्या कोट्यातून वजा होतो. आमच्या मते एवढ्याने भागणार नाही. पकडीची संख्या त्रयस्थ शास्त्रज्ञांनी ठरवावी, विक्रीचे पैसे संशोधकसंस्थेकडे जाऊ नयेत आणि हिशेब सर्वांस पाहता यावा.

२०१९मध्ये जपान आंतरराष्ट्रीय आयोगातून बाहेर पडला, अंटार्क्टिकमधील शिकार थांबवली आणि स्वतःच्या सागरी हद्दीत व्यापारी शिकार उघडपणे सुरू केली. तिचे समर्थन आम्ही करणार नाही. पण निदान व्यापाराला व्यापार म्हटले गेले. ‘संशोधन’ या शब्दाच्या पोटी शुद्ध करणे हा अर्थ आहे. तो शब्द परवान्यावर लिहिणाऱ्याने आपला हिशेबही तितकाच शुद्ध ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.