जकात गेली, मग महापालिकेचा खर्च कोण भागवतं?

मोहल्ल्यातलं गटार तुंबलं, उर्दू शाळेच्या वर्गाचं छप्पर गळू लागलं, की महापालिकेतून ठरलेलं उत्तर मिळतं : निधी नाही. हा निधी येतो कुठून, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात लागायची. शब्द आपल्या ओळखीचाच, अरबीतून आलेला. पण ही जकात म्हणजे निव्वळ सरकारी कर. ट्रकच्या रांगा आणि चिरीमिरी यांनी ती बदनाम झाली, तरी पैसा थेट महापालिकेच्या तिजोरीत पडायचा. पुढे बहुतेक महापालिकांत तिच्या जागी एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली.

आज दहा हजारांच्या मोबाईलवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,८०० रुपये. त्यातले ९०० केंद्राचे, ९०० राज्याचे. महापालिकेचा थेट वाटा शून्य. जीएसटी परिषदेत केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात, महापौरांना तिथे खुर्ची नाही.

बदल्यात राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी ८ टक्के वाढ, असं सूत्र आहे. म्हणजे तेव्हाचे १०० रुपये आठ वर्षांनी साधारण १८५ होतात. मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात ही भरपाई सुमारे १४,४०० कोटींची आहे. वाढ ठरलेली, हा फायदा. पण ज्या शहराचा पायाच लहान, त्याची भरपाईही लहानच राहते. भिवंडी किंवा मालेगावात उद्या धंदा दुप्पट झाला, तरी या रकमेत त्यामुळे एक रुपयाही वाढणार नाही.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथली काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. लॉस एंजेलिस काउंटीत नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनीच बेघरांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला. कर कशासाठी, हे मतपत्रिकेवरच लिहिलेलं होतं. अर्थात विक्रीकर गरिबाच्याच खिशाला जास्त बोचतो, त्यामुळे इथे नवा कर लावा असं आम्ही म्हणत नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की देणाऱ्याला हिशेब कळला पाहिजे.

आपल्याकडे २०२२ नंतर कित्येक महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. हिशेब विचारायला नगरसेवकच नव्हता. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना अधिकार द्यायचं ठरवलं, पण तिजोरीची किल्ली राज्याकडेच राहिली.

मग आपण काय करायचं? घरपट्टी आणि पाणीपट्टी हा महापालिकेला थेट मिळणारा आपला पैसा. ती वेळेवर भरायची आणि पावती जपून ठेवायची. अर्थसंकल्प आला की आपल्या प्रभागात पाणी, गटार आणि शाळेसाठी किती तरतूद झाली, हे नगरसेवकाला लेखी विचारायचं. उत्तर नाही मिळालं, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. 'निधी नाही' म्हणणाऱ्याला आकडे मांडायला लावणं, हा आपला हक्क आहे.