मोरवडची आरती

महाराष्ट्रात आरतीचे राजकारण म्हटले की 1992-93 च्या मुंबईतल्या महाआरत्या आठवतात, नाहीतर 2022 चे हनुमान चालिसेचे भोंगे. दोन्ही वेळी गाणाऱ्यांचे तोंड देवापेक्षा शेजारच्या मोहल्ल्याकडे अधिक होते. खानदेशाकडे याहून जुनी आरती आहे, आणि तिने दुसऱ्याला डिवचण्याऐवजी म्हणणाऱ्याकडूनच काही मागितले. जळगाव-धुळ्यात साने गुरुजींची प्रार्थना पोरासोरांना पाठ असते. या आरतीचे नाव मात्र क्वचितच निघते.

तळोदा तालुक्यातले मोरवड तेव्हा पश्चिम खानदेशात होते, पुढे धुळे जिल्ह्यात आणि 1998 पासून नंदुरबारमध्ये. तिथल्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात भिल्लांची सामुदायिक आरती सुरू केली. हजारोंनी माणसे जमत. अंघोळ करून यायचे, दारू सोडायची आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, एवढीच शिस्त. ज्याला म्हातारपणीही गाव ‘अरे’ म्हणून हाकारी, त्याला या गर्दीत प्रथमच मान मिळाला.

सभा असती तर फौजदाराने उधळली असती. आरतीला कोणते कलम लावणार? तरी जमीनदार आणि दारूवाले हादरले, आणि त्यांचा हिशेब बरोबरच होता. शुद्धीवर असलेला सालदार सालाचे पैसे मोजून घेतो. 1938 मध्ये गुलाम महाराज वारले. भाऊ रामदास महाराजांनी आरती चालू ठेवली, तेव्हा सरकारने त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. गोऱ्या साहेबाला आरतीचा अर्थ आपल्या पुढाऱ्यांपेक्षा लवकर कळला म्हणायचा!

दारू सोडून वरच्या जातींसारखे होण्याची ओढ यात होती, हा आक्षेप खोटा नाही. पण गोष्ट तिथे थांबली नाही. भजने म्हणत पाड्यापाड्यांवर हिंडणाऱ्या अंबरसिंग सुरतवंती यांनाही लोक महाराजच म्हणत. 1972 मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली ती त्यांच्यासारख्यांनी आधी माणसे जोडून ठेवली होती म्हणून. मग सावकार-बागायतदारांनी गिळलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या, मजुरीचा दर ठणकावून सांगितला गेला, आणि दारूची मडकी फोडायला बायका पुढे झाल्या. नवऱ्यांना विचारायला त्या थांबल्या नाहीत.