गोष्ट जपानी, सिनेमा कोरियनच!

आमच्या उचगावातल्या एका सिनेमावेड्या गृहस्थांनी परवा कट्ट्यावर निकालच देऊन टाकला. ‘ओल्डबॉय’ हा कोरियन सिनेमा जपानी कॉमिकवरून उचललेला, तेव्हा त्याचा दिग्दर्शक पार्क चान-वूकचं कौतुक पुरे. आपल्याकडच्यांनी उचललं तर चोरी आणि कोरियनांनी उचललं तर कला, हा कुठला न्याय? चारचौघांनी माना डोलावल्या. या डोलणाऱ्या मानांसाठीच हे लिहितोय.

कथाबीज जपानी आहे, हे खरंच. गारोन त्सुचिया आणि नोबुआकी मिनेगिशी यांची ही चित्रकथा १९९६ ते १९९८ या काळात क्रमशः आली. पण सिनेमाच्या श्रेयनामावलीतच तिचा उल्लेख आहे. जे त्यांनी स्वतःच सांगितलंय, ते चव्हाट्यावर आणण्यात कसली मर्दुमकी?

शिवाय या गृहस्थांनी दोन्ही कलाकृती शेजारी ठेवून पाहिल्यात का? माणसाला वर्षानुवर्षं खासगी तुरुंगात कोंडायचं आणि एक दिवस सोडून द्यायचं, इतकं दोन्हीकडे सारखं. पण कोंडलं का? चित्रकथेत कारण असं की, शाळेत एका मुलाचं गाणं ऐकून नायकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं एकटेपण याने ओळखलं, हे त्या मुलाला सोसवलं नाही. सिनेमाने हे कारण काढूनच टाकलं. तिथे नायक शाळेत असताना पाहिलेली एक गोष्ट सहज मित्राच्या कानावर घालतो, तिची कुजबुज होते आणि एका मुलीचा जीव जातो. म्हणून शेवटी तो स्वतःचीच जीभ कापतो. पाप जिभेचं, प्रायश्चित्तही जिभेचंच. अख्ख्या सिनेमाचा कणा असलेली ही रचना चित्रकथेत नाही. मग उचलली कुठून?

बोळातली हातोड्याची मारामारीही बघा. कॅमेरा बाजूने सरकत राहतो, मध्ये कट नाही, नायक धापा टाकत, पडत-उठत पुढे जातो. हे कागदावरून उचलता येत नाही.

‘नटसम्राट’मध्ये ‘किंग लिअर’ शोधण्याचा खेळ आपल्याकडे जुनाच आहे. त्याने गणपतराव बेलवलकर तसूभरही लहान झाले नाहीत. आमच्याच कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा केला. गोष्ट महाभारतातली, कॅमेरा मात्र त्यांनी स्वतः घडवलेला. त्यांनाही उचलेगिरीचं कलम लावणार का?

आणि न्यायाचंच म्हणाल, तर २००६ चा हिंदी ‘जिंदा’ पाहा. कैद तीच, हातोडा तोच, पण मूळ सिनेमाचं ऋण मान्य केलेलं नाही. चोरी म्हणायचं ते याला.

माझं म्हणणं एवढंच. गोष्ट कुठूनही घ्या, पण ज्याची आहे त्याचं नाव घ्या, हक्क घ्या आणि तिच्यात आपलं असं काही घाला की मूळ लेखकालाही ते नवं वाटावं. ‘ओल्डबॉय’ या कसोटीला उतरतो. आपल्याकडच्या सिनेमांनाही हीच कसोटी लावा. कोरियनांना खाली खेचून आपली उंची वाढणार नाही.