फॅशनची पदविका हातात, नोकरी मात्र अडलेली; उज्जैनच्या तरुणांनी आता दार बदलायला हवं

उज्जैन : देवास गेटच्या बसस्थानकावरून इंदूरची गाडी धरायची, रेडिमेडच्या बाजारात चार ठिकाणी बायोडेटा द्यायचा आणि संध्याकाळी परतायचं. फॅशन डिझायनिंगचा कोर्स केलेल्या इथल्या मुलामुलींना हा फेरा नवा नाही. इंदूर जेमतेम ५५ किलोमीटरवर आहे. पण 'आम्ही कळवतो' या उत्तरापुढे गोष्ट सरकत नाही. सहा-आठ महिने असे गेले की घरातली भाषा बदलते. मुलगा असेल तर 'दुकानावर बस', मुलगी असेल तर 'आता स्थळं बघू या'. कोर्सच्या फीसाठी मोडलेल्या ठेवीचा विषयही मग निघतोच.

मुलं मेहनत करत नाहीत, असं नाही. अडचण अशी, की सगळे एकाच दारावर उभे आहेत.

डिझायनरच्या जागा मुळातच थोड्या

वस्त्रोद्योगात देशभर साडेचार कोटींहून अधिक लोकांना थेट रोजगार मिळतो, असं केंद्र सरकार सांगतं. शेतीनंतरचा हा सर्वांत मोठा रोजगार. मात्र यात 'डिझायनर' म्हणून बसणारे मोजकेच. शेकडो मशीनच्या कारखान्यातही ही जागा एखाद-दुसरीच असते. कित्येक कारखाने तर खरेदीदाराने पाठवलेल्या डिझाइनवरच माल शिवतात.

माणसं लागतात ती दुसरीकडे. पॅटर्न काढणं, मापांचं ग्रेडिंग, सॅम्पलिंग, कापडाची तपासणी, तयार मालाची क्वालिटी आणि मर्चंडायझिंग. मर्चंडायझर म्हणजे ऑर्डर आल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत खरेदीदार आणि कारखाना यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस. या कामात हिंदी आणि मराठी दोन्ही सहज बोलणाऱ्या उज्जैनकराला फायदा आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचं कापड असो की सोलापूरचे गणवेश, दोन्ही भाषा रोज लागतात. हा मुद्दा बायोडेटात सहसा लिहिलाच जात नाही.

प्रमाणपत्र नको, काम दाखवा

दुसरी अडचण फाइलमध्ये आहे. रॅम्पवरच्या पोशाखांची रंगीत चित्रं पाहून कारखानदार फार तर 'छान' म्हणतो. त्याला जाणून घ्यायचं असतं, की हा मुलगा टेक पॅक करू शकतो का? टेक पॅक म्हणजे एका कपड्याची पूर्ण कुंडली. कापड कोणतं, माप किती, शिलाई कुठली, बटण आणि लेबल कुठे, सगळं त्यात येतं. सोबत त्याच कपड्याचा खर्चाचा हिशेब आणि स्वतः शिवून घेतलेला एक नमुना असेल, तर बोलणं पुढे जातं. असे तीन कपडे नीट मांडले तर ते तीस चित्रांना भारी पडतात.

भैरवगड हाकेच्या अंतरावर

हे काम करायला मुंबई गाठायची गरज नाही. देवास गेटपासून थोड्याच अंतरावर, शिप्राकाठी भैरवगड आहे. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी झाकायची, रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण काढायचं, ही बाटिकची रीत तिथल्या छीपा कारागिरांच्या हातात आहे. उज्जैनच्या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनाने माल आपोआप विकला जात नाही. चादर आणि साडीपलीकडे कुर्ता, शर्ट, स्टोल असा मापात बसणारा, दर ठरलेला माल लागतो. महेश्वरला १९७८ पासून रेहवा संस्थेने हातमागाच्या बाबतीत हेच केलं. जुनी कला ठेवली आणि माल आजच्या गिऱ्हाइकाचा केला. कारागिराला रीतसर मोबदला देऊन, त्याच्या नावासह दोन-तीन वस्तू तयार केल्या, तर कारागिराला नवं गिऱ्हाईक मिळतं आणि उमेदवाराच्या फाइलमध्ये खरं काम येतं.

धारचं पार्क : आशा ठेवा, हिशेबही ठेवा

धार जिल्ह्यात बदनावरजवळ भैंसोला इथे पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन १७ सप्टेंबर २०२५ रोजी झालं. देशातल्या अशा सात पार्कांपैकी हे एक. महाराष्ट्रात अमरावतीला आहे. धारमध्ये थेट आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे ३ लाख रोजगारांचा सरकारी दावा आहे. पण भूमिपूजन म्हणजे भरती नव्हे. आणि शिलाई ऑपरेटरच्या भरतीत पदविकाधारकांची सोय आपोआप होत नाही. त्यांना लाइन सुपरवायझर, क्वालिटी, प्रयोगशाळा, सॅम्पलिंग या जागांची तयारी आतापासून करावी लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा केवळ निर्यातीवर चालणाऱ्या कारखान्यांची धडधड वाढली होती. म्हणून देशी बाजारासाठी शिवणारे कारखानेही यादीत हवेत.

फुकट राबणं म्हणजे अनुभव नव्हे

अनुभवाच्या नावाखाली वर्षभर बिनपगारी राबवून घेणं हा या धंद्यातला जुना रोग. त्यावर शिकाऊ उमेदवारीचा कायदेशीर मार्ग आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलतं. कारखानदाराला हे सांगणारा उमेदवार कमीच भेटतो. नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालाला मात्र दारातूनच परत पाठवावं.

जबाबदारी एकट्या मुलांची नाही. 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची पाटी लावणाऱ्या संस्थांना पालकांनी प्रवेशाआधीच विचारावं, की मागच्या तुकडीतले किती जण, कुठे, कोणत्या पदावर आणि किती पगारावर लागले? ही माहिती दरवर्षी जाहीर करणं सरकारने बंधनकारक केलं, तर बऱ्हाणपूर असो, बेळगाव असो की उज्जैन, कित्येक घरांची ठेव मोडण्यापासून वाचेल.

तोवर प्रत्येकाने आपल्या शोधाला तीन महिन्यांची मुदत द्यावी. तेवढ्यात एकही मुलाखत आली नाही, तर अर्जांची संख्या वाढवून उपयोग नाही. मागितलेलं पद, दाखवलेलं काम आणि निवडलेलं गाव, या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट बदलायलाच हवी.