वईवरची चेरी

दिवाळीच्या फराळात चकल्या-करंज्यांच्या पंगतीला अलीकडे केकही येऊन बसू लागला आहे. बसेना का! आमच्या घरी त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. फक्त त्याच्या माथ्यावरच्या लालभडक, चिकट गोळीला सारी मंडळी ‘चेरी’ म्हणू लागली, की माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो. कारण आपल्याकडच्या बेकऱ्यांतली ही चेरी पुष्कळदा चेरी नसतेच. ते असते आपले करवंद. कच्ची करवंदे घ्यायची, त्यांतल्या बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक आणि आंबटपणा उतरवायचा, तांबडा रंग चढवायचा आणि साखरेच्या पाकात मुरू द्यायचे, की झाली चेरी! शेजारचे हिरवे-तांबडे टुटीफ्रुटीचे तुकडे कच्च्या पपईचे. नाव विलायती आणि माल परसातला, असा हा सगळा कारभार आहे.

असे उसने नाव मिरवणारे करवंद एकटेच नव्हे. व्हिएन्नाला राहणाऱ्या माझ्या भाचीने यंदा एका जॅमची बाटली पाठवली. इंग्रजीत त्या फळाला ‘कॉर्नेलियन चेरी’ म्हणतात, असे तिने सोबत कळवले होते. चेरीशी त्याचेही काही नाते नाही, कूळच वेगळे. ऑस्ट्रियापासून तुर्कस्तान-इराणपर्यंत ते होते, बागेच्या कडेला लावतात, आणि पुरते पिकेपर्यंत आंबटढाण असते. होमरच्या ‘ओडिसी’त सर्सी नावाची मायाविनी ओडिसियसच्या सोबत्यांची डुकरे करून टाकते आणि त्यांच्यापुढे ओकच्या फळांबरोबर हीही फळे फेकते, म्हणजे प्रतिष्ठा बेताचीच. आमच्या वहिनीने तो जॅम बोटाने चाखला आणि म्हणाली, “भाऊजी, हे तर आपल्या करवंदाचंच भावंड!” वनस्पतिशास्त्र तिच्या बाजूने नाही. जीभ मात्र आहे.

करवंदाचे खरे भावकीतले म्हणजे कण्हेर, तगर, सदाफुली. म्हणून तर फांदी मोडली की पांढरा चीक येतो. कण्हेर विषारी आणि करवंद खाण्याचे, हा एका घराण्यातला फरक लक्षात ठेवावा आणि मुलांना फळ ओळखल्यावाचून तोंडात घालू देऊ नये. नावाचे म्हणाल तर संस्कृतात ते ‘करमर्द’. अमरकोशात त्याला ‘कृष्णपाकफल’ असेही म्हटले आहे: पिकल्यावर काळे होणारे. घाटात पळसाच्या द्रोणातून करवंदे विकणाऱ्या बायका ‘डोंगराची काळी मैना’ म्हणून हाळी देतात, तेव्हा त्या अमरसिंहाचेच म्हणणे अधिक गोड करून सांगत असतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात वेलदोड्याच्या प्रकरणातच ‘कारांदास’ची हकीकत आहे. पुढे १७६७ साली लिनिअसने या झाडाचे ‘कॅरिसा कॅरंडास’ असे बारसे केले. लॅटिनात गेले तरी बिचाऱ्याने घरचे नाव टाकले नाही. टाकले ते बेकरीत आल्यावर.

गेल्या दिवाळी अंकात या सदरात कढीपत्त्याविषयी लिहिले, तेव्हा बंगलेवाल्या वाचकांनी विचारले होते की, कुंपणाला काय लावावे? मेंदी लावावी, सुबक दिसते. पण ज्यांना कुंपणाकडून काही परत हवे असेल त्यांनी करवंदी लावावी.

आमचे घर कारेगावचे, शिरूर तालुक्यातले. रांजणगावच्या महागणपतीचा शेजार. सह्याद्रीचा पाऊस आमच्यापर्यंत येईतो दमतो. करवंद मूळचे घाटाकडचे, पण एकदा मूळ धरले की पाण्यावाचून अडत नाही आणि मुरमाड जमिनीला नाक मुरडत नाही. वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांची नोकरी भीमाशंकरच्या बाजूला होती. १९८६ साली तिकडून पिकली करवंदे रुमालात बांधून आणून त्यांनी घराच्या दोन बाजूंना, पश्चिमेला आणि दक्षिणेला, ही वई धरली. तेव्हापासून शेळीने आत तोंड घातल्याचे मला आठवत नाही. जोडीजोडीने असलेले ते काटे पाहून शेळीच काय, वसुलीला येणारा माणूसही फाटकानेच येई.

लागवडीतली मुख्य गोष्ट एकच: करवंदाचे बी साठवून चालत नाही. मेअखेर किंवा जूनमध्ये पूर्ण काळी झालेली फळे घ्यावीत, गर धुऊन टाकावा आणि बी लगेच पिशवीत पेरावे. वाळवून डब्यात ठेवाल आणि पुढल्या वर्षी पेराल, तर फुकट माती राखत बसाल. रोप वर्षाचे झाले की पुढल्या पावसाळ्यात लावावे. वईसाठी दोन-तीन फुटांवर, फळांसाठी सुटे झुडूप हवे असेल तर दहा फुटांवर. फांदी खोचून हे झाड सहसा येत नाही; गुटी बांधली तर जमते. ज्यांना मोठे फळ हवे त्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात पाहावी. लोणच्याला ती चांगली. पण रानच्या बारक्या करवंदाचा वास माझ्या नाकाला दुसऱ्या कशात सापडत नाही.

आणि कात्री! पुण्याचे आमचे स्नेही दर महिन्याला माळ्याकडून वई भिंतीसारखी सपाट करून घेतात आणि करवंद धरत नाही म्हणून कुरकुरतात. करवंदाला फुले येतात ती फांदीच्या शेंड्याला, जुईसारखी पांढरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेंडेच छाटले तर फळ कुठे येणार? छाटणी फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडाला, एकदाच करावी. नंतर वई थोडी झिपरी दिसली तर दिसू द्यावी.

आमच्या वईची फळे एप्रिलमध्ये हिरवी असताना निम्मी लोणच्याला जातात, उरलेली मुलांना. फळ दाताने तोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ कारेगावात भाड्याने राहणारी बिहारकडची मुलेही आता आमच्या वईपाशी खेळतात. वहिनीची जेली मात्र बघण्यासारखी. ती अर्धी हिरवी आणि अर्धी तांबूस फळे घेते, कारण कच्च्या करवंदातच जेली धरण्याचा गुण जास्त. ती चिरून, फळे बुडतील इतक्याच पाण्यात मऊ शिजवायची, पातळ फडक्यात रात्रभर टांगायची. फडके पिळायचे नाही. पिळले की जेली गढूळ. जितका रस तितकीच साखर, स्टीलचे पातेले, लोखंडी-अ‍ॅल्युमिनियमचे नको. उकळून एक थेंब थंड ताटलीत टाकावा आणि बोटाने सरकवावा. सुरकुती पडली की उतरावे. रंग असा येतो, की बेकरीवाल्याच्या रंगाची आठवणही होऊ नये.

आता यंदाची हकीकत. नव्वदच्या दशकात रांजणगावची औद्योगिक वसाहत झाली आणि आमच्या गावात कामगारांसाठी खोल्या बांधण्याचा सपाटा लागला. दादाने पश्चिमेच्या रस्त्याकडेला आठ खोल्या काढायचे ठरवले आहे. पाया नेमका वईवर येतो. त्याचा हिशेब साधा: एका खोलीचे एका महिन्याचे भाडे म्हणजे वईच्या सबंध वर्षाच्या करवंदांहून जास्त. हा हिशेब मला खोडता आला नाही. दादाची दोन मुले शिकताहेत आणि तीन वर्षे कांद्याने दगा दिला आहे. वहिनी काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, “दक्षिणेची तरी राहू द्याल ना?” दादा म्हणाला, “तिला कोण हात लावतंय?” मग टेप आणून त्यानेच मोजणी केली, खोल्या चार फूट आत सरकल्या, आणि कोपऱ्यावरची सहा झुडपे वाचली.

बाकीची उपटून दुसरीकडे लावता येतील का, म्हणून मी चौकशी केली. जुन्या करवंदीचे मूळ खोल गेलेले असते. काढताना तुटते आणि झाड बहुधा जगत नाही. तेव्हा वहिनीने यंदा जेलीची करवंदे कमी काढली, पश्चिमेच्या वईवर फळे पुरती काळी होऊ दिली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दीडशे पिशव्या भरल्या. तीनेक आठवड्यांत कोंब दिसले. आज एकशे बारा रोपे आहेत, वीतभर उंच. त्यांवर ऊन लागू नये म्हणून तिने जुनी साडी ताणून बांधली आहे. दादा रोज संध्याकाळी झारीने पाणी घालतो. कोणी सांगितलेले नाही. पायाचे खोदकाम पाडव्यानंतर सुरू होईल. रोपे पुढल्या पावसाळ्यात खोल्यांच्या मागे लावायची, आणि त्यांची पहिली करवंदे तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतील.