घुमटाचे कातडे
पेडणे-डिचोलीकडे चतुर्थीच्या आरत्या सुरू झाल्या की एक तक्रार हमखास कानी येते: बकऱ्याच्या कातड्याचे घुमट पूर्वीसारखे वाजत नाही. घोरपडीचे कातडे पातळ नि चिवट, हे खरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, ते योग्यच झाले. शिवाय बकऱ्याचे सगळेच कातडे कुठे सारखे असते? करडाचे हलके, थोराड बोकडाचे जाड. एकाच जनावराच्या पाठीचे घट्ट, पोटाचे सैल. मिळेल तो तुकडा घुमटाच्या तोंडावर ताणायचा आणि दोष बकऱ्याला द्यायचा! २०१९ साली घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. मग कातडे पारखून घेणाऱ्या कारागिराला चार पैसे जास्त देताना आपला हात का आखडतो?