मोर्णेचे दुखणे

२०१८ च्या जानेवारीत अकोल्याचे नागरिक हजारोंच्या संख्येने मोर्णेच्या पात्रात उतरले व त्यांनी जलकुंभी उपसली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्या उद्योगाचा गौरव केला, तो योग्यच होता. गाडगेबाबांच्या या भूमीत खराट्याची थोरवी आम्ही सांगावी असे नाही. परंतु वाहत्या पाण्यात खराटा चालत नाही. जलकुंभी हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर ती पोसते, आणि नाल्यांची तोंडे नदीत उघडी आहेत तोवर ती पुन्हा फोफावणारच. अमरावतीच्या अंबानाल्याचे दुखणेही याच जातीचे आहे.

सांडपाणी जेथे उत्पन्न होते तेथेच, वसाहतीपुरते, शुद्ध करणे हा यावरील एक उपाय. तो अवघड आहे ही समजूत खोटी आहे. हजार वस्तीच्या वसाहतीस दरडोई रोज १३५ लिटर पाणी मिळाले, तर त्यातील सुमारे चार पंचमांश, म्हणजे लाखभर लिटर, मोरीवाटे बाहेर पडते. त्यात घाण हजारात एखादा भाग. बाकी सारे पाणीच. चिंध्या व प्लास्टिक जाळीत अडतात, रेती व जड गाळ संथ टाकीत तळाशी बसतो. विरघळलेली घाण मात्र बसत नाही. ती खाण्याचे काम सूक्ष्म जंतूंकडे सोपवावे लागते, व त्यांना प्राणवायू मिळावा म्हणून पाण्यात यंत्राने हवा खेळवावी लागते. पुढच्या टाकीत हे जंतू गाळरूपाने खाली बसतात. त्यांतील काही पुन्हा कामावर धाडावयाचे, आणि वरचे निवळ पाणी क्लोरीन घालून बागेस द्यावयाचे.

मेख आहे ती येथेच. विजेचे बिल वाचविण्यासाठी हवेचे यंत्र बंद ठेवले, की काही तासांतच पाणी कुजू लागते. दोन-चार दिवस असेच गेले तर जंतूंची घडी मोडते व ती पुन्हा बसण्यास आठवडे लागतात. मग यंत्रच निकामी ठरते, आणि कोणी तरी रात्री झडप उघडून सारे नाल्यात सोडून देतो!

ज्यांच्यापाशी जागा आहे त्यांनी विजेवाचून चालणाऱ्या उथळ तळ्यांचा विचार करावा. त्यांत शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते व जंतू तो वापरतात. उन्हाचा तुटवडा तरी वऱ्हाडास कधी पडला नाही! आपल्या हवामानात अशी तळी कशी बांधावी, याचा अभ्यास १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या व आज नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने काही दशकांपूर्वीच केला आहे.

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात विहिरींचे पाणी खारट. अकोला काटेपूर्णेच्या धरणावर जगते, अमरावती अप्पर वर्धेच्या. एवढ्या सायासाने आणलेले गोडे पाणी एकदा वापरून नासवावे, ही चैन आपणांस परवडणारी नाही. म्हणून नव्या वसाहतीस परवानगी देताना केवळ टाकीचा नकाशा पाहून महापालिकांनी समाधान मानू नये. ती पुढील दहा वर्षे कोण चालविणार, वीज व कामगार यांचा खर्च कोण सोसणार, हे आधी लिहून घ्यावे. आणि शुद्ध केलेल्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल दरमहा वसाहतीच्या फाटकावर लावण्याची सक्ती करावी.